मास्तर गेले, माती उद्या

गेल्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, मी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. तेवढंच केलं असतं तर गैरसमज म्हणून निभावून गेलं असतं. पण मेलेला माणूस उठून बोलणार नाही, या भरवशावर मी माझं मत त्याच्या तोंडी घातलं. हे दुसरं चुकून झालेलं नाही. ते कबूल करण्यासाठीच हा प्रवास लिहून काढतो आहे. ज्यांना वेरूळची लेणी आणि मकबरा वाचायचा आहे, त्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या लेखात वाचावा. मला दोन्ही बघायला झालं नाही. मी तिथं होतो ते सगळे दिवस स्वतःलाच लपवण्यात गेले.

मी पुण्यात इतिहास शिकवतो आणि रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या प्रौढांचा एक वर्ग घेतो. पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांवर मी एक छोटी पुस्तिका लिहिली आहे. मेलेले पुन्हा उठतील असं ते म्हणत, पण नेमकं काय उठेल? आणि देव नीतिमान आहे म्हणजे काय? पुस्तिकेत मी अलेक्झांड्रियाकडच्या काही विचारवंतांची बाजू घेतली होती. आत्मा महत्त्वाचा. हाडामांसाचा हट्ट अडाणी लोकांचा.

या पुस्तिकेचा एकमेव काळजीपूर्वक वाचक मला जालन्याच्या एका मेळाव्यात भेटला. शिमोन मास्तर, राहणार देवगाव रंगारी. शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटलेला, तोंडात एकही दात नाही, आणि तरी पुस्तिकेतलं एकेक वाक्य ते चावून चावून खात होते. त्यांचं म्हणणं असं की, पाप काय किंवा पुण्य काय, शरीर आणि आत्मा जोडीनं करतात, तेव्हा निवाडाही जोडीचाच व्हायला हवा. जेवणाच्या पंगतीत ते म्हणाले, "मालकानं बैल सोडला, बैलानं दुसऱ्याचं पीक खाल्लं. एकट्या बैलाला कोंडवाड्यात घालता का? का एकट्या मालकाला?" उत्तराऐवजी मी विचारलं, मग शेवटल्या दिवशी तुमचे दातही उगवतील का. पंगत हसली. मास्तरही हसले, पण त्यांनी पानातली भाकर आमटीत कुस्करायचं थांबवलं, ते मला दिसलं.

यंदा देवगावच्या मंडळीनं मला बोलावलं. शनिवारी संध्याकाळी देवाच्या नीतिमत्त्वावर बोलायचं आणि रविवारी सकाळी पुनरुत्थानावर. तिथले पंच केरुभाऊ यांनी निरोपात आवर्जून कळवलं होतं की मास्तर पुढच्या रांगेत बसतील. तेव्हापासून मी भाषण तीनदा नव्यानं लिहिलं.

औरंगाबाद, शुक्रवार

गुड फ्रायडे असल्यानं सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही आणि मग साधंच जेवायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. उन्हं उतरल्यावर औरंगाबादला पोचलो. शहागंजाच्या बाजूला एका हॉटेलात शिरलो. गल्ल्यावर एक दाढीवाले चाचा बसले होते. काही साधं मिळेल का, असं मी माझ्या पुणेरी हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "सादा नान है साब."

मोठा पिवळसर नान आला. कोरडा नान चावत मी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा विचार करायचा प्रयत्न करत होतो. चाचा लांबून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी न मागता खलियाचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा, वाडगा माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, "हमारे यहां नान अकेला नही खाते, मियां. नान को बुरा लगता है."

नानाला वाईट वाटू नये म्हणून मी खलिया खाल्ला. मटण असं शिजलं होतं की हाडाला हात लावला की ते आपोआप सुटत होतं. दुसरा वाडगा मात्र मी मागून घेतला. बाहेर पडताना मन खायला लागलं, तेव्हा मला माझी पुस्तिका आठवली. खाल्लं ते शरीरानं. आत्मा उपाशीच होता. त्या सिद्धांताचा असा रोकडा उपयोग मला पहिल्यांदाच झाला, आणि लॉजवर मी शांत झोपलो.

देवगाव रंगारी, शनिवार

सकाळच्या एस.टी.नं निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी ढेकळं, मधूनच एखादी विहीर आणि तिच्याभोवती कांद्याचा हिरवा तुकडा. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर कोंबडी होती. ती माझ्या पिशवीतल्या भाषणाच्या कागदांकडे डोळे लावून बसली होती आणि उतरण्याआधी तिनं त्यांच्यावर आपलं मत नोंदवलं.

गावात शिरल्यावर आधी मास्तरांकडेच जायचं ठरवलं. आपणहून भेटलं तर संध्याकाळी सौम्य वागतील, असा हिशेब होता. घराला कडी होती. शेजारच्या ओट्यावर एक बाई तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. या केरुभाऊंच्या मंडळी, कडूबाई. मी मास्तरांची चौकशी केली.

"मास्तर तर गेले," कडूबाई म्हणाल्या.

"गेले? कधी?"

"आज पहाटी. कोंबडं आरवायच्या आधी."

मी पिशवी खाली ठेवली. आमच्याकडे कुणी बाजारात गेलं असेल तर 'बाहेर गेलेत' म्हणतात, निघतानासुद्धा 'येतो' म्हणतात. नुसतं 'गेले' हे एकाच जाण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. मी हलक्या आवाजात विचारलं की काही त्रास झाला का.

"कशाचा तरास. च्या पेले अन् गेले. लई दिसापासून म्हणत व्हते, आता जायाचं हाय, आता जायाचं हाय."

"जवळ कुणी होतं?"

"कोण असनार? यकटेच. तितं संगं कोन जातंय."

केवढं खरं होतं ते. मी एवढंच म्हणालो, "माती कधी आहे?"

"माती उद्याच्याला, सकाळी," कडूबाई डाळीवरून हात फिरवत म्हणाल्या. "दोन गाड्या सांगितल्यात. मास्तरांची माती लई झ्याक व्हनार बगा. सारं गाव नाव काढंल."

वाचकांना एव्हाना कळलंच असेल. उन्हाळ्यात तळं आटलं की त्यातली गाळाची माती गाड्यांनी वाहून शेतात टाकतात आणि मास्तरांच्या शेतातही उद्या ती पडायची होती. मला मातीचा दुसरा अर्थ ठाऊक होता, तो पुण्यातला, दफनाचा. पुण्यात आम्ही मृत्यूचा विषय निघाला की टाचा उचलून चालतो. इथं ही बाई शेजाऱ्याच्या मातीबद्दल बोलता बोलता डाळीतला खडा अचूक टिपून अंगणात फेकत होती. केवढी ही श्रद्धा, असं मला वाटलं आणि माझी मान खाली गेली.

पुढचं लिहायला जड जातं. मान खाली होती तेव्हाच मला हायसं वाटलं. आज संध्याकाळी पुढच्या रांगेत कुणी नसेल. मी लिंबाखाली जाऊन या भावनेबद्दल देवाजवळ क्षमा मागितली, आणि क्षमा मागून झाल्यावर पुन्हा हायसं वाटलं. केरुभाऊंकडे भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी असं जेवलो. दोन भाकऱ्या जास्तच गेल्या.

संध्याकाळी प्रार्थनाघर भरलं. मी उभा राहिलो आणि सुरुवात मास्तरांपासून केली. म्हणालो, "आज शिमोन मास्तर आपल्यात नाहीत." लोकांनी माना डोलावल्या, कारण ते खरंच तिथं नव्हते. मी म्हणालो की ते जिथं गेले आहेत तिथं आपल्या सर्वांना केव्हा ना केव्हा जायचं आहे. मागून एक म्हातारे म्हणाले, "जायाचं तर हाय, पर गुडघे साथ देत नायत." मला त्यांचं बोलणं फार खोल वाटलं. मास्तरांनी वाटेत फार कष्ट सोसले, आता त्यांना विसावा मिळाला असेल, असं मी म्हणालो. एका बाईनं डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच 'आमेन' म्हटलं. मी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, सगळे उभे राहिले. माझं एकही वाक्य असं नव्हतं की जे पहाटे एस.टी.नं परगावी गेलेल्या माणसाला लागू पडणार नाही. त्यामुळं मला कुणीच अडवलं नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढची रांग रिकामी होती, आणि रिकाम्या रांगेसमोर माणूस धीट होतो. मी म्हणालो, "जालन्यात आमचा वाद झाला, हे तुम्हांला माहीत असेल. पण शेवटी मास्तरांना माझं म्हणणं पटलं होतं. मेलेल्यांची हाडं-मासं गोळा करत बसायची देवाला गरज नाही, हे त्यांनी माझ्याजवळ कबूल केलं होतं."

सभेतली माणसं वळून एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या मुद्द्याचा परिणाम झाला, असं मी समजलो. घरी परतताना केरुभाऊंनी विचारलं की मास्तर असं कधी बोलले. मी म्हणालो, शेवटी शेवटी. ते म्हणाले, "आमच्यापाशी तर नाय बोलले कदी." जेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

रविवार

सणाच्या पहाटे इथली मंडळी कब्रस्तानात जमतात आणि तिथून गात प्रार्थनाघरात येतात. मला झोप लागली नव्हती, म्हणून मी सगळ्यांच्या आधी गेलो. वाटेत कुणाच्या तरी कुंपणावरची कण्हेरीची फुलं तोडली. ही चोरी मी नंतर त्या घरी जाऊन सांगितली. त्यांना ते कुंपण आपलं आहे हेच मान्य नव्हतं, पण तो वेगळा विषय.

कब्रस्तानाच्या कडेला, पडक्या दगडी गडग्यापाशी, ताज्या काळ्या मातीचा लांबट ढीग होता. बैलगाडीच्या चाकोऱ्या तिथपर्यंत आल्या होत्या. म्हणजे उरकलंसुद्धा, आणि मला कुणी बोलावलं नाही. मी गुडघे टेकले, फुलं वाहिली आणि ढिगाला म्हणालो, मास्तर, मी काल तुमच्याबद्दल खोटं बोललो, मला क्षमा करा. ढीग काही बोलला नाही. मेलेल्या माणसाची माफी मागण्यात फार सुख असतं. दोन अश्रूही आले.

"ख्रिस्त उठला आहे," मागून आवाज आला.

या दिवशी त्याला 'खरोखर उठला आहे' असं उत्तर द्यायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी ते देण्यासाठी वळलो. उजाडत्या उजेडात दोन थडग्यांच्या मध्ये शिमोन मास्तर उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि तोंडात वर-खाली सगळे दात, शुभ्र आणि एका ओळीत.

मी म्हणालो, "तुम्हीसुद्धा?"

माझी पुस्तिका, अलेक्झांड्रिया, सगळं त्या बत्तिशीत बुडालं. मी मागं सरकलो आणि ढिगात बसलो. मास्तर पुढं आले, मला दंडाला धरून उठवलं. तो हात गरम होता आणि त्याला तंबाखूचा वास होता.

"हे गडग्याच्या अलीकडं कुनी टाकलं?" त्यांनी ढिगाकडं बघून विचारलं. "अंधारात शेत चुकले वाटतं गाडीवाले. पन पाव्हणं, तुमी फुलं कशाला वाहताय? या मातीत मला आवंदा वांगी लावायचीत."

मी सगळं सांगितलं. म्हणजे 'गेले' सांगितलं, 'माती' सांगितली, दोन मिनिटं उभं राहणं सांगितलं. मास्तर इतके हसले की दात जागचे हलले. त्यांनी कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. औरंगाबादेहून काल येताना ताब्यात घेतली म्हणाले, चावायला बरी आहे, हसायला अजून बसली नाही. मीही हसलो. आता इथंच सगळं मिटेल असं मला वाटलं. खोट्याचा भाग मी सांगितला नव्हता.

तोवर मंडळी गात गात आली. कडूबाई पुढं होत्या. त्या सरळ मास्तरांपाशी येऊन म्हणाल्या, "आलात का पैठनहून? अन् तुमाला पाव्हण्यांचं पटलं म्हनं. हाडं-मासं देवाला नको म्हनालात. शांतवनचं काय मग?"

मास्तरांचं हसू मावळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दात नसल्यानं त्यांचा चेहरा जालन्यातल्यासारखाच दिसत होता.

"मला मेलेला समजलात, ते ठीक हाय," ते म्हणाले. "पन मेल्यावर मानसाचं मत बदलतं का?"

मास्तर गडग्यावर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो. शांतवन त्यांचा धाकटा भाऊ. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शनच्या थोडं आधी, त्या धामधुमीच्या दिवसांत, तो पैठणला गोदावरीच्या घाटावर शेवटचा दिसला. प्रेत मिळालं नाही. कुणी मारलं ते कळलं नाही. पण गावात बोललं गेलं की त्यानंच हल्लेखोरांना वाट दाखवली आणि पळून गेला. आई हे ऐकत ऐकत गेली. म्हणून दरसाल सणाच्या आदल्या दिवशी मास्तर पैठणला जातात आणि नदीच्या काठावर बसून येतात. तिथं संगं कुणी जात नाही.

"त्याला मासे खाऊन गेले आसतील," मास्तर म्हणाले. "म्हनून तो खोटा ठरला. त्याच्या वतीनं बोलनारा मी यकटा, अन् मी त्याचा भाऊ, माझं कोन ऐकतंय. देव नीतिमान हाय म्हनता ना? मग ज्याच्यावर खोटं बोललं गेलं त्याला उठवून, तोंड देऊन, सगळ्यांच्या समोर बोलू द्यावंच लागंल. मारनारेही तितं असतील, त्यांच्या त्यांच्या अंगात. नुसत्या आत्म्याला कोन वळखनार? आन् आता बगा. मी यक दिस गावात नव्हतो, तर तुमी माझं काय करून ठेवलं."

मी म्हणालो, "मास्तर, मी तुमची माफी—"

"इतं नको," मास्तर म्हणाले. "बोललात कुटं?"

"प्रार्थनाघरात."

"मग तितं."

ते उठून गाणाऱ्यांत मिसळले. मला आठवलं की दुपारच्या एस.टी.आधी सकाळचीही एक एस.टी. असते. पिशवी केरुभाऊंच्या ओसरीवरच होती. हे मी लपवत नाही: मी तिथपर्यंत गेलो, पिशवी उचलली, रस्त्यालाही लागलो. पण गाण्याची रांग त्याच रस्त्यानं येत होती आणि लोकांनी मला भाषणाला निघालेला समजून वाट करून दिली. पिशवीसकट मी व्यासपीठावर पोचलो.

पुढच्या रांगेत मास्तर बसले. कवळी पुन्हा तोंडात होती. मी माफी मागायला सुरुवात केली ती ग्रीक शब्दापासून. नीतिमत्त्व या शब्दाला मूळ भाषेत न्याय आणि विश्वासूपणा अशा दोन्ही छटा कशा आहेत हे सांगितलं. मग पहिल्या शतकांतल्या लोकांना पुनरुत्थान म्हणजे सांत्वनाइतकाच न्यायही का वाटे, ते सांगितलं. आपल्या माणसांना छळून त्यांची राख नदीत टाकलेली त्यांनी पाहिली होती, हेही सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि त्यात मी कुठंच दिसत नव्हतो. कडूबाईंनी जांभई दिली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मालकाचं झालं. आता बैलाला बोलू द्या."

लोक हसले. हसू विरेपर्यंत मी थांबलो, पिशवी खाली ठेवली, आणि म्हणालो:

"मास्तर गेले असं काल मी ऐकलं आणि ते वारले असं समजलो. काल तुम्ही दोन मिनिटं उभे राहिलात ती त्यांना श्रद्धांजली होती. तुम्हांला ते ठाऊक नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही. ते वारले असं कळल्यावर मला बरं वाटलं, कारण त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांना माझं म्हणणं कधीच पटलेलं नाही. ते मी खोटं सांगितलं, आणि केरुभाऊंनी विचारल्यावर पुन्हा सांगितलं. मास्तर, मी तुमची माफी मागतो. शांतवनला मी ओळखत नव्हतो, तरी त्यानं उठायची गरज नाही असं मी इथं उभं राहून ठरवून टाकलं. त्याचीही माफी मागायची आहे. ती त्याच्या तोंडावरच मागायला हवी, म्हणून तो उठेल त्या दिवशी मी त्याला शोधत येईन. तोवर ती तुमच्याकडं ठेवून जातो."